चपलांचं तोंड

"घुमा आहे नुसता, घुमा!" गिरणीबाई किल्लीवाल्याच्या टपरीपुढच्या स्टुलावर बूड टेकत म्हणाली. "आणि नुसता घुमा असता तरी मी चालवून घेतलं असतं. माझे सासरे घुमे होते, त्यांच्यासोबत उभा जन्म काढला. पण हा माझा जावई तोंड मिटून भलतंच बोलतो. रोज सकाळी बघावं तर माझ्या चपला दाराकडे तोंड करून ठेवलेल्या! म्हणजे काय समजायचं माणसानं? ही वाट, लागा चालायला!"

किल्लीवाला एका किल्लीला कानस मारत होता. कुलपाशी वाद घालायचा नाही आणि गिऱ्हाइकाशी तर मुळीच नाही, हा त्याचा धंद्याचा नेम.

"बरोबर आहे मावशी," तो म्हणाला.

"काय बरोबर आहे? त्याचं?"

"छे छे, तुमचं."

"मग तसं बोला की. ट्रंकेला बसेल असं एक कुलूप दाखवा. दणकट पाहिजे. जाताना वाटेत उघडायला नको."

नवरा गेल्यावर पिठाची गिरणी तिनं एकटीनं चालवली, तेव्हापासून लहानथोर सगळे तिला गिरणीबाई म्हणत. शाळेत ती गेली होती, पण शाळा काही तिच्यात गेली नाही. अक्षरं लावत लावत वाचायची आणि सही करताना पेन असं दाबायची की खालच्या कागदावरही सही उमटावी. बाकी जगाचं शिक्षण तिनं काट्याजवळच्या बुटक्या पाटावर बसून घेतलं. तिथून माणसांची तोंडं दिसत नसत, पाय तेवढे दिसत. कोण उधारी मागायला आलंय, कोण घरी भांडून आलंय, कोणाला बोलत बसायचंय आणि कोणाला पळायचंय, हे ती पायताणावरून सांगायची. तोंड खोटं बोलतं, टाच खोटं बोलत नाही, असं तिचं ठाम मत. आणि या मतानं तिला कधी दगा दिला नव्हता.

गुडघ्यानं संप पुकारला तेव्हा गिरणी पुतण्याच्या हवाली करून ती लेकीकडे आली. शेजारणींना सांगितलं, "थोडी हवापालट करून येते." ट्रंकेत मात्र होतं नव्हतं ते सगळं भरलं, अगदी नवऱ्याच्या फोटोसकट. हवापालटाला कोणी नवऱ्याचा फोटो नेत नाही. लेक म्हणाली होती, "आई, आता कायमची ये." आणि जावई काय म्हणाला होता? दारात उभा राहून कमरेत वाकला आणि म्हणाला, "या."

बस. एक अक्षर. आता या 'या'चा अर्थ 'या, राहा' असा घ्यायचा की 'या आणि जा' असा, हे बाई इतके दिवस उलटसुलट करून बघत होती.

घराच्या पुढच्या खोलीत जावयाचं दुकान होतं. दुकान म्हटलं की लेक लगेच म्हणायची, "आई, दुकान नाही, गॅलरी." गिरणीबाईला कपडे वाळत घालायची गॅलरी तेवढी ठाऊक. या गॅलरीत सगळ्या वस्तू जपानी. जावई तरुणपणी शिकायला म्हणून तिकडे जाऊन राहिला आणि येताना तिकडचाच होऊन आला. तिकडच्या कारागिरांच्या वस्तू इकडच्या लोकांना दाखवायच्या, समजावून सांगायच्या, कोणाला पटलंच तर विकायच्या, असा त्याचा व्यवहार. त्यातलं 'समजावून सांगायच्या' हे कलम कसं पार पडत असेल, याचं तिला नवल वाटे.

पहिल्या दिवशी तिनं खोली डोळ्याखालून घातली. पांढऱ्या भिंती. दारातून आत आलं की फरशीची अरुंद पट्टी, तिथं पायताण काढायचं, मग एक पायरी चढून लाकडी जमिनीवर. एका फळीवर वाकडे कप. मधे वीतभर अंतर सोडून आणखी एक वाकडा कप. कोपऱ्यात बांबूची टोपली, निळं कापड, फुलदाणीत एकच फांदी, आणि एक अख्खी भिंत मोकळी.

"ही भिंत का रिकामी?" तिनं विचारलं.

"रिकामी हवी," जावई म्हणाला.

"रिकामी हवी म्हणून कोणी भाडं भरतं का?" असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण जावयाला उलट बोलायचं नसतं. तिनं ते गिळलं. त्या घरात ती पुढंही इतकं गिळत गेली की जेवण कमी लागायला लागलं.

पण दुसऱ्या भिंतीवर जे होतं ते बघून गिळलेलंही वर आलं. खुंटीला टांगलेली केरसुणी! बांबूचा दांडा, खाली गवताचा दाट झुपका, त्याला निळ्या दोऱ्याची नक्षीदार बांधणी, आणि वरून खास तिच्यासाठी सोडलेला दिवा.

"आमच्या गिरणीत केरसुणीनं दिव्यावरची जाळी काढायचो," ती लेकीला म्हणाली, जावयाला ऐकू जाईल अशा बेतानं. "इथं केरसुणीलाच दिवा. असो. ज्याचं त्याचं."

तेव्हा मात्र जावई बोलला. "ही माझ्या गुरूंनी बांधलीय, आई. काडी न् काडी हातानं निवडलेली. पुढच्या महिन्यात या बाजूला येणार आहेत, तेव्हा इथंही येतील. हिला बघायला." एवढं बोलून तो दमल्यासारखा आत गेला. गिरणीबाईनं केरसुणीकडे नव्यानं पाहिलं. काम चोख होतं, नाकारण्यात अर्थ नव्हता. स्वतःच्या गिरणीतली पीठ झाडायची केरसुणी तिनं वर्षानुवर्षं जपली होती. काड्या मोडू नयेत म्हणून कायम दांड्यावर उभी करायची, झुपका वर. गुरू म्हणजे कोणी पांढऱ्या दाढीचा म्हातारा असणार, असं चित्र तिनं मनात काढून ठेवलं.

मग चपलांचं सुरू झालं.

रात्री ती चपला काढायची तशा त्या आत तोंड करून पडलेल्या असत, कोणाच्याही असतात तशा. सकाळी बघावं तर फिरलेल्या. जोडीनं, सरळ रेषेत, नाकं दाराकडे. पहिल्यांदा तिला वाटलं, केर काढताना सरकल्या असतील. दुसऱ्यांदा वाटलं, आपणच विसरलो. नंतर नंतर मात्र काळजात काहीतरी रुतलं.

कारण असं एकदा झालं होतं. तिच्या लग्नाला नुकतंच वर्ष झालं होतं आणि तिची आई तिला भेटायला आली होती. आत चहा उकळत होता. थोरल्या जावेनं ओसरीवरून जाता जाता त्या म्हातारीच्या चपला पायानं अशा गर्रकन फिरवल्या, दाराकडे. बोलली एक शब्द नाही. आईनं ते पाहिलं, पदर सावरला, "गाडी चुकेल गं," म्हणाली आणि चहा न घेता निघून गेली. पुन्हा कधी आली नाही.

आता जावई शिकलेला, तो पायानं सरकवत असेल की काठीनं, ते देव जाणे. पण अर्थ तोच.

तिनं लक्ष ठेवलं. तेव्हा आणखी चमत्कार दिसला. गिऱ्हाईक पायताण काढून आत गेलं की जावई खाली बसून त्यांचेही जोडे दाराकडे फिरवायचा! हळूच, अदबीनं, दोन्ही हातांनी. म्हणजे हा माणूस आल्या गिऱ्हाइकालाही वाटेला लावत होता. "तरीच!" बाईनं कपाळाला हात लावला. "तरीच धंद्याला बरकत नाही!" आणि कहर म्हणजे त्याचे स्वतःचे बूटही दाराकडे तोंड करून उभे. माणूस स्वतःच्या घरात पळायच्या तयारीत! लेकीच्या संसाराचं काही खरं नाही, या विचारानं त्या दिवशी तिला दुपारची झोप लागली नाही. लेक बिचारी स्कूटर लावून मागच्या दारानं ये-जा करायची. तिला पुढं काय चाललंय याचा पत्ता नव्हता.

एक गोष्ट मात्र या गावाची तिला मान्य होती. रस्ते स्वच्छ. कितीही हिंडून या, सकाळी चपलांवर धुळीचा कण म्हणून नसायचा.

संध्याकाळी लेक भाजी चिरायला बसली की गिरणीबाई विषय काढायची, पण गाय कासरा ओढते तसा, तिरका.

"काही घरांत पाहुण्याला जा म्हणायची पद्धत वेगळी असते."

"काय झालं आई? सरळ बोल."

"मी कशाला बोलू? मी पाहुणी."

"तू कुठली पाहुणी?"

"मग मी कोण इथं?"

"माझी आई."

"ते मलाही ठाऊक आहे, तुला जन्म देताना मी हजर होते. इथं कोण, ते विचारलं."

लेकीनं विळी बाजूला सारली. "तो काही बोलला का तुला?"

"बोलेल कशाला? बोलायला त्याला जकात पडते."

लेक हसली. "आई, तो तसाच आहे गं. लग्नाला होकार द्यायचा होता ना, तेव्हा मी समोर बसलेली, आणि त्यानं चिठ्ठी लिहून पुढं सरकवली. दोन्ही हातांनी."

"आणि तू केलंस लग्न?"

"अक्षर चांगलं होतं."

लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथं लेकीला बोलून जावयाला लावायचं होतं. म्हणून बाईनं आवाज चढवला, "आम्ही काही कोणाच्या दारात पडलेले नाही! आमचं घर आहे आम्हाला!" पण जावई त्या वेळी पुढच्या खोलीत एक कप कापडात गुंडाळत होता, आणि गुंडाळताना त्याच्या कानात वादळही शिरत नसे.

मग तिनं दुसरा मार्ग धरला. लेकीचा संसार मोडायला नको आणि दुकानही बुडायला नको. आपलं काय, आपण आज ना उद्या जाऊ. तिनं एक बुटकं स्टूल दाराजवळ मांडलं. "इथं गुडघ्याला ऊन मिळतं," असं कारण सांगितलं. जावई एखाद्या गिऱ्हाइकाचे जोडे दाराकडे फिरवून आत वळला की ही हळूच वाकून ते पुन्हा आत तोंड करून ठेवायची. बसा, राहा, घाई नको. जावई परत येई, बघे, काही न बोलता पुन्हा फिरवी. त्याची पाठ वळली की ही पुन्हा. जात्यासारखे जोडे दिवसभर फिरत. दोघांपैकी एकजण तरी 'अहो, हे काय?' म्हणेल तर शपथ. तो बोलायचा नाही कारण तो तो होता. ती बोलायची नाही कारण तो जावई होता.

आणि गुण येतो असं दिसलंही. एक लठ्ठसे गृहस्थ जायला निघाले. बुटांची तोंडं आत. त्यात पाय कसा घालावा म्हणून ते अर्धे वळले, एका पायावर लटपटले, खांबाला मिठी मारली आणि धपकन पायरीवर बसले. बसले ते नेमके बांबूच्या टोपलीसमोर. उठायची सोय नव्हती म्हणून टोपलीकडे बघत राहिले. बराच वेळ बघितली. शेवटी घेऊन गेले.

"बघा!" गिरणीबाई त्या दिवशी किल्लीवाल्याला म्हणाली. "माणूस दुकानात टिकला तर विकत घेईल ना! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, तसली गत आहे आमच्या जावयाची."

"बरोबर आहे."

"काय बरोबर आहे? मी कुत्रं?"

"नाही नाही मावशी! हे घ्या तुमचं कुलूप."

एवढं करूनही तिच्या स्वतःच्या चपला रोज सकाळी दाराकडेच. तिनं मनाशी ठरवलं. जावयाचे गुरू येताहेत, घरात तमाशा नको. पाहुणे जाऊ देत, दुसऱ्या दिवशी आपण. मागितल्याशिवाय मिळालेला मान आणि सांगितल्याशिवाय कळलेला अपमान, दोन्ही विसरायचे नसतात. ट्रंक भरली, नवऱ्याचा फोटो साड्यांच्या घडीत ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

गुरूंच्या दिवशी लेकीनं रजा काढली होती. जावई स्टेशनवर आणायला गेला. जाण्याआधी त्यानं तीनदा जमीन पुसली आणि फुलदाणीतली फांदी बदलून पुन्हा पहिलीच लावली. तो गेल्यावर गिरणीबाई गॅलरीत एकटीच फिरत होती. जायचंच आहे तर जाताना काही खोट राहायला नको, एवढाच तिचा विचार. तेवढ्यात तिला दिसलं की भिंतीवरच्या केरसुणीचा झुपका खालच्या फळीला टेकून टोकाशी वाकतोय. ज्यानं काडी न् काडी निवडून हे बांधलं, तो येऊन हे बघणार? तिनं केरसुणी उतरवली, बोटांनी झुपका सारखा केला आणि आपल्या गिरणीत ठेवायची तशी दांड्यावर उभी केली, झुपका वर. कुठं ठेवावी? दर्शनी! गुरूला आल्याआल्या दिसली पाहिजे. म्हणून दाराच्या बाजूला, भिंतीशी.

एवढंच झालं की दार उघडलं ते नेमकं केरसुणीवर येऊन टेकलं, आणि आत येणाऱ्याला ती दिसलीच नाही.

आणि दाढीवाला म्हातारा कुठला! आत आली ती वाळक्या शेंगेएवढी म्हातारी. करडा कोट, खांद्याला कापडी पिशवी, हाताच्या बोटांना गाठी. गिरणीबाईनं रिवाजाप्रमाणं आधी तिचे पाय पाहिले. कॅनव्हासचे साधे बूट. डावी टाच झिजलेली. म्हणजे उजवा गुडघा दुखतो, भार डाव्यावर. नाडी दोनदा तुटून गाठ मारलेली, नवी घेतलेली नाही. खाली बसून काम करणारी बाई. गिरणीबाईला ती तिथंच आवडून गेली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. म्हातारी वाकली. गिरणीबाईनं हात जोडले. मग गिरणीबाईनं आपल्या उजव्या गुडघ्यावर थाप मारून तोंड वाकडं केलं. म्हातारीनंही आपल्या उजव्या गुडघ्यावर थाप मारली आणि हुबेहूब तसंच तोंड वाकडं केलं. इथवर भाषेवाचून काही अडलं नाही.

जावयानं खाली बसून गुरूंचे बूट दाराकडे फिरवले. "इथंही?" गिरणीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःच्या गुरूलाही जा म्हणतो? तो चहा करायला आत गेला, लेक कप काढायला गेली, तशी ही स्टुलावरून वाकली आणि बूट आत तोंड करून ठेवले. शेजारी स्वतःच्या चपला होत्या, त्यांना मात्र हात लावला नाही. त्यांचं ठरलेलं होतं.

जावयानं येऊन दार लोटून घेतलं, दोन्ही हातांनी चहा दिला. म्हातारी दाराकडे तोंड करून बसली होती. तिनं कप तळहातावर फिरवला, एक घोट घेतला, मान वर केली, आणि तिची नजर दाराशेजारी थांबली.

कप खाली आला. म्हातारी काहीतरी पुटपुटली, खोल वाकली, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि पिशवी खांद्याला लावली.

जावयाचा चेहरा मैद्यासारखा झाला.

"काय म्हणतायत?" लेकीनं विचारलं.

"निघते म्हणतायत. फार वेळ घेतला, क्षमा करा, म्हणतायत."

"फार वेळ? अरे, आत्ता तर बसल्या! स्वयंपाक केलाय मी!"

म्हातारी पायरीपाशी आली आणि तिथं अडली. बूट तिच्याकडे तोंड करून बसले होते. तिनं बुटांकडे पाहिलं. मग दाराशेजारी पाहिलं. पुन्हा बुटांकडे. मग स्टुलावर ताठ बसलेल्या गिरणीबाईकडे. जावयानं तिच्या नजरेमागून नजर नेली आणि पहिल्यांदाच त्याला ती केरसुणी दिसली.

"आई," तो म्हणाला, "ही तुम्ही ठेवलीत?"

"मीच. भिंतीवर झुपका वाकत होता. दांड्यावर उभी केली की काडी मोडत नाही. का? चुकलं?"

"नाही. म्हणजे..." त्याला शब्द सापडेनात, जन्मात साठवले नव्हते तर सापडणार कुठून! "त्यांच्याकडे जुनी पद्धत आहे. नकोसा पाहुणा उठत नसला की केरसुणी उलटी उभी करतात. त्यानं लवकर जावं म्हणून."

गिरणीचा पट्टा तुटावा तशी गिरणीबाईची जीभ जागच्या जागी थांबली.

"म्हणजे मी हिला जा म्हटलं?"

"तिच्याच केरसुणीनं," लेक म्हणाली आणि पदरात तोंड खुपसून हसायला लागली.

म्हातारी जावयाला काहीतरी विचारत होती. त्यानं खाली मान घालून ते सांगितलं, "विचारतायत की केरसुणी म्हणते जा आणि बूट म्हणतात राहा. या घरात ऐकायचं कोणाचं?"

"माझं!" गिरणीबाईची जीभ पुन्हा चालू झाली. "सांगा तिला, या घरात माझं ऐकायचं आणि मी म्हणते बस. केरसुणीचं मला ठाऊक नव्हतं, ती माझी चूक. पण बुटांचं मला चांगलं ठाऊक आहे. माणूस घरी आला की त्याला राहा म्हणावं! तुम्ही बघावं तेव्हा त्याचे जोडे दाराकडे! गिऱ्हाइकाचे, गुरूचे, माझेसुद्धा! मी दिसते अडाणी, पण मला वाट दाखवलेली कळते, जावईबापू. किल्ली कनवटीला आहे माझ्या. उद्या जाते मी."

"कुठं?" लेकीचं हसू थांबलं. "आई, कुठली किल्ली?"

जावई मात्र नुसताच बघत होता, कोणीतरी त्याला परक्या भाषेत बोललं असावं तसा. मग तो हळूच फरशीवर उकिडवा बसला.

"आई, मला वाटायचं तुम्ही खालची फरशी पुसता, म्हणून बूट फिरतात." मग म्हणाला, "आत येताना माणूस पायताण तसंच काढून येतो. जाताना त्याला वळावं लागतं, वाकावं लागतं, तोल सांभाळावा लागतो. तोंड दाराकडे केलेलं असलं की सरळ पाय घालायचा आणि चालायचं. तुमचा गुडघा दुखतो. म्हणून."

त्या लठ्ठ गृहस्थांनी खांबाला मारलेली मिठी गिरणीबाईच्या डोळ्यांपुढून गेली.

काय चाललंय ते म्हातारीला जाणून घ्यायचं होतं. तिनं जावयाच्या बाहीला धरून सांगायला लावलं. ऐकता ऐकता आधी तिनं तोंडावर हात ठेवला, मग तो हातही काढला आणि मोकळी हसली. मग बरंच काही बोलली, बोटांनी बूट फिरवल्याची खूण करत. जावयाचे कान लाल होत गेले.

"काय म्हणतायत?" गिरणीबाईनं विचारलं.

"काही नाही."

"सांगा."

"म्हणतायत, हा माझ्याकडे केरसुणी शिकायला आला होता. अख्खा हिवाळा मी त्याला गवताला हात लावू दिला नाही. दारात बसवलं. येणाऱ्याजाणाऱ्याची पायताणं लाव म्हटलं. ज्याला पायताण नीट लावता येत नाही तो काडी काय नीट लावणार!"

"आणि आता शेवटी काय विचारलं त्यांनी?"

"ते... काही नाही."

"जावईबापू."

"विचारतायत की अजून पुसून ठेवतो का."

गिरणीबाईनं खाली आपल्या चपलांकडे पाहिलं. धुळीचा कण नव्हता. गावाचे रस्ते! आणि तिनं किल्लीवाल्यापुढं या गावाच्या रस्त्यांची तोंड फाटेस्तोवर तारीफ केली होती.

तिला आईच्या चपला आठवल्या. त्या पायानं फिरल्या होत्या. या रोज सकाळी, ती उठायच्या आत, हा एवढा मोठा शिकलेला माणूस फरशीवर बसून हातात घेऊन पुसत होता. आणि लगेचच दुसरं काहीतरी सुचून तिचे डोळे विस्फारले. जावयानं! सासूच्या पायताणाला! हात! हे कोणी ऐकलं तर तोंड दाखवायला जागा उरायची नाही, आणि निम्मी गोष्ट तर किल्लीवाल्याला आधीच सांगून झाली होती.

ती खांबाला धरून उठायला लागली. म्हातारीनं आपला गाठाळ हात पुढं केला. दोन दुखऱ्या गुडघ्यांनी एकमेकांना आधार दिला आणि दोघी एकदमच उभ्या राहिल्या. गिरणीबाईनं केरसुणी उचलली, भिंतीवर खुंटीला लावली, झुपका फळीला टेकत नाही ना बघितलं, फळीच थोडी खाली सरकवायला पाहिजे असं मनात नोंदवलं, आणि मग पदर खोचून जावयाकडे वळली. लेक दारात, म्हातारी मधे, जावई अजून उकिडवाच.

"ऐका, जावईबापू," ती म्हणाली. "माणूस तुम्ही सोन्यासारखे आहात, ते मी मानते. पण चूक तुमचीच, तेही मानायला लागेल. एवढं चांगलं करायचं आणि तोंडानं सांगायचं नाही? मला काय स्वप्न पडतं? चार शब्द लागत होते, तेही तुम्हाला जड झाले. आता आधी या बाईला जेवायला बसवा. मग ट्रंकेचं ते कुलूप किल्लीवाल्याला परत देऊन या आणि काय झालं ते त्याला एक अक्षर सांगू नका, तेवढं तुम्हाला जमतंच. आणि माझ्या चपलांना आजपासून हात लावायचा नाही. लोक माझ्या तोंडात शेण घालतील. त्यांचं तोंड आतच राहील, वळायला त्रास झाला तरी चालेल. मी कुठं जात नाहीये."